भयपटाची पाटी आणि उसने सूर

शूटिंग झालेलं असतं. गावाकडचा बंद वाडा, मोबाईलचा कॅमेरा, एक बॅटरी, मळलेली पांढरी साडी आणि दोन रात्रींची जागरणं एवढ्या भांडवलावर पाच-सहा मिनिटांचा भयपट लॅपटॉपवर येऊन पडतो. शॉट एकापुढे एक लागतात, पण पडद्यावर दिसतं ते इतकंच की एक ओळखीची मुलगी केस मोकळे सोडून जिना उतरते आहे. भीती वाटत नाही. मग दोन कामं उरतात: काळ्या पडद्यावर नाव टाकणं आणि चित्राखाली संगीत घालणं. संगीताच्या मोफत संग्रहात गेलं की समोर कप्पे येतात. डार्क, सस्पेन्स, हॉरर, ड्रॅमॅटिक. एक कप्पा उघडायचा, दोन-चार तुकडे ऐकायचे, त्यातला एक ट्रॅकवर ओढायचा. जिन्यावरची तीच मुलगी आता बघवत नाही.

हे कप्पे संगणकाबरोबर आलेले नाहीत. सिनेमा जन्मायच्या आधीपासून कुणी ना कुणी भीतीचे सूर वेगळे काढून, त्यांवर चिठ्ठी लावून ठेवत आलं आहे. आणि ज्याच्या खिशात वादकांना द्यायला पैसे नाहीत, तो त्या कप्प्यात हात घालत आला आहे. घरी केलेल्या भयपटाची वंशावळ मांडायची तर ती या उसनवारीच्या वाटेनेच मांडावी लागते.

सुरुवात रंगभूमीवर होते. 1802 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये थॉमस होलक्रॉफ्टचं 'अ टेल ऑफ मिस्ट्री' हे नाटक आलं. पात्र येताना, जाताना, दचकताना वाद्यवृंदाने काय भाव वाजवायचा याच्या सूचना संहितेतच होत्या. मेलोड्रामा या नाट्यप्रकाराची इंग्लंडमधली ही पहिली ठळक खूण. पुढे 1821 मध्ये बर्लिनला कार्ल मारिया फॉन वेबरचा 'डेअर फ्रायशुट्झ' हा ऑपेरा झाला. त्यात मध्यरात्री एका दरीत सैतानाच्या साक्षीने सात मंतरलेल्या गोळ्या ओतल्या जातात. सैतान झामिएल गाणं म्हणत नाही, फक्त बोलतो. तो आला हे कळतं तंतुवाद्यांच्या थरथरीवरून, क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांवरून आणि टिंपनीच्या दबक्या ठोक्यांवरून. त्याचा स्वरमेळ आपल्या पेटीवर सहज काढता येतो. पांढरी एकचा सा धरायचा आणि सा, कोमल गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत असे चार सूर एकदम दाबायचे. चारही सुरांमधलं अंतर सारखं असल्यामुळे कानाला घर सापडत नाही. कुठे परतायचं हेच कळत नाही. पुढच्या शतकभरातल्या भुतांनी, खुन्यांनी आणि खलनायकांनी या चार सुरांवर आपली एन्ट्री घेतली.

सिनेमाच्या दारातून हे सूर आत आले त्याचा लेखी पुरावा आहे. 18 मार्च 1910 रोजी एडिसन कंपनीचा 'फ्रँकेन्स्टाइन' प्रदर्शित झाला. एका रिळाचा, म्हणजे आजच्या मोजमापाने शॉर्ट फिल्मच. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या स्टुडिओत जे. सर्ल डॉली यांनी तो केला, राक्षस झाला चार्ल्स ओगल. राक्षस कढईत आकार घेतो तो प्रसंग आजही बघण्यासारखा आहे. बाहुला जाळून त्याचं चित्रण उलटं फिरवलं, म्हणजे राखेतून मांस चढत गेलं. पण मला या चित्रपटातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते त्याच्याबरोबर एडिसनच्या पत्रिकेत छापलेलं एक टिपण. थिएटरातल्या पियानोवाल्याने कुठे काय वाजवायचं याची ती यादी.

सुरुवातीला एक संथ, ओळखीचं गाणं. प्रयोगशाळेपर्यंत रुबिनस्टाइनची 'मेलडी इन एफ'. राक्षस आकार घेऊ लागला की चढत जाणारी अस्वस्थ लय. तो पलंगावर वाकला की 'फ्रायशुट्झ'मधला नाट्यमय भाग. मुलगी चहाची किटली घेऊन आली की 'ॲनी लॉरी' हे साधं स्कॉटिश गाणं. राक्षस पडद्याआडून बाहेर आला की पुन्हा 'फ्रायशुट्झ'. लग्नाचे पाहुणे निघाले की वाग्नरच्या 'लोहेन्ग्रिन'मधली वरात, आणि राक्षस दिसला की परत तेच वेबरचे सूर. शेवटी तो आरशात विरतो तेव्हा अस्वस्थ लय हळूहळू उतरवायची.

हे टिपण म्हणजे एडिटिंगची टाइमलाइनच आहे, फक्त कागदावर आडवी न लिहिता उभी लिहिलेली. इथवर हा तुकडा, इथून तो, इथे फेड. एकही सूर या चित्रपटासाठी रचलेला नाही, सगळी उसनवारी. तरी त्यात एक ठाम निर्णय आहे. राक्षस दिसेल त्या प्रत्येक वेळी तेच संगीत येईल आणि माणसं घरात असतील तेव्हा घरगुती गाणं वाजेल. किटली आणि राक्षस यांच्यामध्ये संगीताची भिंत उभी राहिली. भयपटातलं संगीत कुठून आणलं याला माझ्या लेखी फारसं महत्त्व नाही. ते कोणत्या फ्रेमला सुरू होतं आणि कोणत्या फ्रेमला थांबतं, हे काम ज्याचं तोच त्या संगीताचा मालक.

याच 'फ्रँकेन्स्टाइन'च्या पाट्या मात्र शिकवतात की काय करू नये. मूकपटात मधेमधे येणाऱ्या त्या लिखित पाट्या प्रसंगाच्या आधी येतात आणि पुढे काय घडणार ते सांगून मोकळ्या होतात. राक्षस घडणार हे आधी वाचायचं, मग बघायचं. आजही नवख्या भयपटांत नावाच्या आधी चार ओळींचा मजकूर येतो: या वाड्यात अमुक साली अमुक घडलं होतं, तेव्हापासून इथे कुणी राहत नाही. एवढं सांगितल्यावर जिन्याला करायला काही उरत नाही.

यादी छापायची सोय झाली की तिचा धंदा व्हायला वेळ लागत नाही. 1913 मध्ये जे. एस. झामेचनिक यांच्या 'सॅम फॉक्स मूव्हिंग पिक्चर म्यूझिक' या संग्रहात चोराच्या पावलांसाठी स्वतंत्र तुकडा छापून आला. दबक्या, तुटक सुरांचा. व्यंगपटातला चोर आजही त्याच चालीवर चवड्यांवर चालतो. 1919 पासून बर्लिनमध्ये जुझेप्पे बेचे यांनी 'किनोटेक' नावाने भावनांनुसार लावलेले तुकडे प्रसिद्ध केले. 1924 मध्ये एर्नो रापे यांचा जाडजूड संग्रह अमेरिकेत निघाला. त्यात 52 भाव होते आणि प्रत्येक पानाच्या कडेला त्यांची सूची छापलेली, म्हणजे पडद्यावर आग लागली किंवा प्रेत दिसलं तर पियानोवाल्याला डोळे न हलवता पान गाठता यावं. आपण आज माउसने 'सस्पेन्स'वर टिचकी मारतो ती त्या पानाच्या कडेवर मारलेली टिचकी आहे.

जर्मनांनी या कामाला शास्त्राचं रूप दिलं आणि तेही एका भयपटाच्या संगीतकाराच्या हातून. मुर्नाऊचा 'नोस्फेराटू' 1922 साली बर्लिनमध्ये आला तेव्हा त्याच्या उपशीर्षकातच 'सिंफनी' होती, भयाची सिंफनी. संगीत हान्स एर्डमान यांचं. ते बरंचसं हरवलं, त्यातल्या काही भागांची वाद्यवृंदासाठी केलेली मालिका उरली. याच एर्डमान यांनी 1927 मध्ये बेचे आणि लुडविग ब्राव यांच्याबरोबर चित्रपटसंगीताचं मोठं हँडबुक तयार केलं. कोणता तुकडा कोणत्या प्रसंगाला चालेल याची त्यात तपशीलवार वर्गवारी आहे. ज्याने स्वतः एका पिशाच्चासाठी संगीत रचलं, त्यानेच इतरांच्या पिशाच्चांसाठी कप्पे लावून दिले.

पाट्यांच्या बाबतीतही 'नोस्फेराटू' पुढचं पाऊल आहे. त्यातला बराचसा मजकूर निवेदकाच्या तोंडून येत नाही. तो कुणाच्या पत्रातून, जुन्या पुस्तकाच्या पानातून, जहाजाच्या नोंदवहीतून येतो. वाचणारा माणूस पात्राच्या खांद्यावरून वाचतो. त्याआधी 1920 मध्ये 'डॉ. कॅलिगारी'त वेड्या डॉक्टरभोवती हवेत, झाडावर, भिंतीवर अक्षरं उमटत गेली होती. अक्षरांना चित्राच्या आत घेतलं की तीही झपाटलेली होतात हे तेव्हाच कळलं. पण पाटीइतकी बदलायला सोपी गोष्टही दुसरी नाही. 'ड्रॅक्युला' कादंबरीचे हक्क न घेता केला म्हणून कोर्टाने 'नोस्फेराटू'च्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. ज्या प्रती परदेशांत वाचल्या, त्यांच्या पाट्या बदललेल्या होत्या. काही प्रतींमध्ये त्यातल्या पिशाच्चाचा, ऑर्लोकचा, पुन्हा ड्रॅक्युला झाला. चित्र तेच, चेहरा तोच, नाव निराळं.

आपल्याकडे पडद्यावर अक्षरं मांडण्याचं काम ज्यांनी सुरू केलं ते दादासाहेब फाळके छपाईतून आले होते. लोणावळ्याला त्यांनी छापखाना चालवला होता, राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशी त्यांचा संबंध होता आणि जादूचे प्रयोगही ते करत. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला तेव्हा त्याच्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत होत्या. फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं दादरच्या घरात झाली आणि सरस्वतीबाईंनी त्यांतली बरीचशी उचलली. हा भयपट नव्हता, पण घरच्या माणसांना हाताशी धरून, स्वयंपाकघराशेजारी सिनेमा तयार करण्याची आपली परंपरा इथून मोजावी असं मला मनापासून वाटतं.

बोलपट आला तरी उसनवारी संपली नाही. युनिव्हर्सलच्या 1931 च्या 'ड्रॅक्युला'त संगीत जवळजवळ नाहीच. श्रेयनामावलीखाली मात्र चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'चा तुकडा वाजतो. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने 'द ममी'च्या सुरुवातीलाही तोच वापरला. एका बॅलेतल्या हंसांच्या तलावाचं संगीत लोकांच्या कानात कबरीचं झालं. 1931 च्याच 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड'ची सुरुवात बाखच्या डी मायनर टोकाटा-फ्यूगने होते. चर्चच्या ऑर्गनसाठी रचलेली ती भव्य रचना त्यानंतर सिनेमात तळघराशी जोडली गेली ती कायमची.

त्या मानाने आपल्या 'महल'मध्ये (1949) सगळं स्वतःचं होतं. कमाल अमरोहींचा चित्रपट, खेमचंद प्रकाश यांचं संगीत. झोपाळ्यावरच्या त्या बाईचं गाणं दुरून येतंय असं वाटायला हवं होतं आणि आवाजाला अंतर देणारं यंत्र हाताशी नव्हतं. लताबाईंनी हे रेकॉर्डिंग पुढे अनेकदा सांगितलं. मायक्रोफोन खोलीच्या मधोमध ठेवला, त्या कोपऱ्यातून गात गात हळूहळू त्याच्याकडे चालत आल्या. आज रिव्हर्बचा खटका सरकवून जे होतं ते एका गायिकेच्या पावलांनी केलं. आणि त्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी', म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. गाणारी कोण हे विचारणारी पत्रं रेडिओकडे आली तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांपुढे आलं. पाटीवर नाव असणं आणि नसणं यात काय जातं, हे त्या पिढीच्या पार्श्वगायिकांनी पुरेपूर भोगलं.

नाव आणि सूर यांची गाठ सर्वांत घट्ट बसली ती इंग्लंडच्या हॅमर कंपनीत. 1958 च्या 'ड्रॅक्युला'साठी जेम्स बर्नार्ड यांनी शीर्षकाची तीन अक्षरंच सुरांत बसवली: ड्रॅ-क्यु-ला. पितळी वाद्यं ती तीन अक्षरं ओरडून सांगतात. ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्रपटाचं नाव ऐकू येतं. दोन वर्षांनी 'सायको'त सॉल बास यांनी काळ्या-करड्या पट्ट्या सरकवत नावं मधोमध फाडली, आणि त्या पट्ट्यांच्या वेगात बर्नार्ड हरमन यांची तंतुवाद्यं धावली. वाद्यवृंदात व्हायोलिनच्या घराण्यातल्या वाद्यांशिवाय दुसरं काही नाही. न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको असं हिचकॉकचं आधी ठरलं होतं. हरमननी तरीही ते रचलं, ऐकवलं आणि हिचकॉकने निर्णय फिरवला. संकलनाच्या टेबलावर दिग्दर्शकाला मत बदलता येणं ही मोठी गोष्ट आहे. खून चित्रित झाला तेव्हा जेवढा भयंकर होता त्याहून तो त्या टेबलावर भयंकर झाला.

पण घरच्या घरी सिनेमा करणाऱ्यांचा खरा पूर्वज या स्टुडिओंमध्ये सापडत नाही. तो पिट्सबर्गमध्ये सापडतो. जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे मित्र जाहिराती आणि औद्योगिक फिल्म करत. 1967 मध्ये त्यांनी पैसे गोळा करून, इव्हान्स सिटीच्या कब्रस्तानात आणि एका पडक्या फार्महाउसमध्ये प्रेतं चालती केली. एकूण खर्च 1,14,000 डॉलरच्या आसपास. संगीतकाराला द्यायला पैसे नव्हते, म्हणून कॅपिटॉल कंपनीच्या 'हाय-क्यू' संग्रहातले तयार तुकडे घेतले. तेच तुकडे आधी इतर स्वस्त चित्रपटांत आणि टीव्हीवर वाजून गेले होते. मित्रांपैकी कार्ल हार्डमन यांनी त्यांना आवाजांची आणि इलेक्ट्रॉनिक प्रक्रियेची जोड दिली. परिणाम असा की 1968 चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' बघताना हे सूर दुसऱ्या कुणाचे होते हे कुणाच्या मनातही येत नाही.

आणि याच चित्रपटाच्या पाटीने सिनेमाच्या इतिहासात न पुसणारी गोष्ट करून ठेवली. चित्रपटाचं आधीचं नाव होतं 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स'. वितरकाने ते बदललं, म्हणजे शीर्षकाची पाटी नवी केली. जुन्या पाटीवर नावाखाली कॉपीराइटची खूण होती. नव्या पाटीवर ती घालायची राहिली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात खूण नसलेली प्रत प्रदर्शित झाली की हक्क गेला. चित्रपट सार्वजनिक झाला. कुणीही प्रती काढाव्यात, दाखवाव्यात, विकाव्यात. ज्यांनी हाडाची काडं करून तो केला त्यांच्या हाती त्या धंद्यातलं फारसं काही लागलं नाही, आणि हे वाचताना आजही वाईट वाटतं. पण त्याच वेळी हेही खरं की प्रत फुकट असल्यामुळे तो रात्री-अपरात्री टीव्हीवर, पुढे व्हिडिओवर जगभर पोचला. चालत्या प्रेतांचा चित्रपट घरच्या अंगणात करता येतो हे हजारो पोरांनी त्यातून शिकलं. काही सेकंदांच्या एका पाटीवरची एक ओळ, एवढ्याने हे झालं. म्हणून टायटल हे शेवटच्या रात्री घाईत उरकायचं काम आहे असं कुणी म्हटलं की मला पिट्सबर्गची ती पाटी दाखवावीशी वाटते.

त्या पोरांच्या हातात कॅमेरा होता सुपर 8. कोडॅकने तो 1965 मध्ये आणला, 50 फुटांचं काडतूस खटकन बसवायचं आणि सेकंदाला 18 फ्रेमच्या वेगाने 3 मिनिटं 20 सेकंद चित्रण मिळायचं. टायटल करायचं म्हणजे काळ्या पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकची पांढरी अक्षरं मांडून, दोन बाजूंनी दिवे लावून, कॅमेरा स्टँडवर पक्का करून पाटीचं चित्रण करायचं. काडतुसात फिल्म फारशी मागे घेता येत नसे, त्यामुळे चालत्या चित्रावर अक्षरं उमटवणं अवघड. म्हणून पोरं नाव चित्रातल्याच वस्तूंवर लिहीत. भिंतीवर रंगाने, काचेवर, मातीत. अडचणीतून ती थेट कॅलिगारीच्या वाटेला लागली.

आवाजाची गोष्ट आणखी किचकट. 1973 मध्ये आवाज घेणारी सुपर 8 फिल्म आली. फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्टी होती आणि प्रत्येक फ्रेमचा आवाज त्या फ्रेमच्या 18 फ्रेम पुढे नोंदला जायचा, कारण यंत्रात भिंग आणि आवाजाचं डोकं एका जागी बसू शकत नाही. आता कात्रीचा विचार करा. दार उघडतं त्या फ्रेमवर कापलं, तर दाराच्या कुरकुरीचा पहिला सेकंद कापून टाकलेल्या तुकड्याबरोबर टोपलीत गेला. दचकवण्याचा सगळा खेळ पहिल्या पाव सेकंदाचा आणि नेमका तोच हरवायचा. म्हणून जाणते लोक मुका भाग आधी जुळवून घेत, मग त्यावर पट्टी चढवून घेत आणि प्रोजेक्टरवरच, चित्र चालू असताना, आवाज भरत. काही फिल्मना दुसऱ्या कडेलाही बारीक पट्टी असे. एका पट्टीवर बोलणं आणि पावलं, दुसरीवर रेकॉर्ड प्लेअरवरून घेतलेलं संगीत. चुकलं की पहिल्यापासून. आजच्या टाइमलाइनवरचे एकाखाली एक ट्रॅक त्या दोन कडांवर आधी राहून गेले आहेत.

मिशिगनमध्ये सॅम रायमी, ब्रूस कॅम्बेल आणि मंडळी सुपर 8 वरच वाढली. 1978 मध्ये त्यांनी 'विदिन द वुड्स' हा अर्ध्या तासाचा भयपट केला, तो दाखवून पैसे उभे केले आणि त्यातून 'द ईव्हिल डेड' झाला. डेट्रॉइटला 1981 मध्ये पहिल्यांदा दाखवला तेव्हा त्याचं नाव 'बुक ऑफ द डेड' होतं. इथेही नाव नंतर बदललं.

त्याच 1978 सालातला जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' स्वतः संगीत करणाऱ्यांचा आदर्श आहे. कार्पेंटर सांगतात की संगीत नसलेली प्रत त्यांनी एका स्टुडिओतल्या अधिकारी बाईंना दाखवली आणि त्यांना अजिबात भीती वाटली नाही. मग कार्पेंटरनी संगीत चढवलं. वडील संगीताचे प्राध्यापक, त्यांनी लहानपणी बोंगोवर पाचाचा ठेका शिकवला होता, तोच इथे कामाला आला. ठेका मोजला तर दहा छोट्या मात्रा आहेत, 3-3-2-2 अशा तुटलेल्या. आपला झपतालही दहाचाच, पण 2-3-2-3 असा झुलणारा. कार्पेंटरचा ठेका झुलत नाही, दर वेळी आधीच येऊन उभा राहतो. शीर्षकाला पडद्यावर काळोख, डाव्या बाजूला आतून पेटलेला भोपळा, उजवीकडे नारिंगी अक्षरं, आणि कॅमेरा इतक्या हळू पुढे सरकतो की भोपळा जवळ आला हे उशिरा कळतं. एक शॉट, एक दिवा, एक सूर. यात महाग काहीही नाही.

मुंबईत रामसे बंधूंनी हे सगळं एका कुटुंबात वाटून घेतलं होतं. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, कुमार लिहीत, गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी आणि अर्जुन संकलन. 1972 च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'साठी हा गोतावळा महाबळेश्वरला गेला आणि पुढेही जात राहिला. त्यांच्या चित्रपटांना समीक्षकांनी कधी मान दिला नाही. पण ध्वनी भाऊ करतो आणि कापतोही भाऊच, तेव्हा किंकाळी आणि कट यांच्यात ताळमेळ कसा बसतो हे 'पुराना मंदिर' डोळे मिटून ऐकला तरी कळतं.

पुढचा टप्पा सगळ्यांना माहीत आहे म्हणून भराभर सांगतो. 1999 मध्ये घरच्या संगणकावर आयमूव्ही आलं, पुढच्या वर्षी विंडोजबरोबर मूव्ही मेकर. कात्री, चिकटपट्टी, 18 फ्रेमचं गणित एका दमात संपलं. त्याच 1999 मध्ये 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने काळ्या पडद्यावर शांतपणे एवढंच लिहिलं की तीन विद्यार्थी जंगलात बेपत्ता झाले आणि वर्षभराने त्यांचं चित्रण सापडलं. पाटीने गोष्ट फोडली नाही, तिने साक्ष दिली. ओरेन पेली यांनी 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' (2007) स्वतःच्या घरात सुमारे 15,000 डॉलरमध्ये केला, त्यात नावंही टाकली नाहीत आणि संगीतही घातलं नाही. पाटी आणि सूर दोन्ही काढून घेतले की उरतं ते घराच्या कॅमेऱ्याने टिपलेलं, खरं वाटणारं काहीतरी. पण हा उपाय एकदाच लागू पडतो. प्रत्येकाने तो केला तर प्रेक्षक साक्षीला भुलत नाही.

मराठीत भयपट करणाऱ्याला टायटलच्या वेळी एक खास त्रास होतो, तो इथे नोंदवायलाच हवा. कित्येक एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केली की पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. 'रात्र' लिहावं आणि पडद्यावर त, हलन्त, र वेगवेगळे उभे राहावेत. थरार तिथेच मरतो. सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा पर्याय असेल तर तो चालू करावा, नाहीतर शीर्षक वेगळ्या प्रोग्राममध्ये करून चित्र म्हणून आणावं. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त परवान्याचे मुक्ता, बालू यांसारखे टाइप आता कुणालाही वापरता येतात. पण रक्त ओघळणारी अक्षरं शोधत बसण्यापेक्षा साध्या, जरा लहान, काळ्यात बुडालेल्या अक्षरांना काळोख जास्त चिकटतो. शिरोरेषा आधी उमटावी आणि तिच्याखाली अक्षरं एकेक लटकत यावीत, ही सोय रोमन लिपीला नाही. तिचा उपयोग आपल्या पोरांनी अजून पुरता केलेला नाही.

आणि संगीत? वेबर 1826 मध्ये वारला, त्याचे सूर कुणाचेही आहेत. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं त्याच्या रचनेवर हक्क राहतो, आणि ध्वनिमुद्रणावर ते प्रसिद्ध झाल्यापासून वेगळी 60 वर्षं. म्हणजे रचना मोकळी असली तरी कालपरवा केलेलं तिचं रेकॉर्डिंग मोकळं नसतं. यूट्यूबची यंत्रणा 2007 पासून असे सूर आपोआप ओळखते. चित्रपट चढवल्यावर आवाजच गायब झाला, ही तक्रार प्रत्येक कॉलेजात ऐकू येते. त्यावर दोन वाटा आहेत. एक, पेटीवर ते चार सूर स्वतः दाबून, मोबाईलवर रेकॉर्ड करून, वेग निम्मा करून वापरणं. ऐकणारा पेटी ओळखणार नाही. दुसरी, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यावर लोकांनी मोकळं केलेलं संगीत घेणं. केव्हिन मॅक्लाउड या अमेरिकी संगीतकाराने आपल्या शेकडो रचना अशा देऊन टाकल्या आहेत आणि जगभरच्या घरगुती भयपटांत त्या वाजतात. मोबदला एवढाच की श्रेय द्यायचं.

तेव्हा शेवटच्या पाटीवर, दिग्दर्शक-संकलक-कॅमेरा असं तीनदा आलेलं आपलं नाव, साडी देणारी मावशी आणि वाड्याची किल्ली देणारे काका यांच्यानंतर एक ओळ टाइप करायची: रचनेचं नाव, संगीतकाराचं नाव, परवान्याचं नाव. 1910 च्या यादीवरून वाजवणाऱ्या पियानोवाल्यांची नावं कुठल्याही पाटीवर आली नाहीत. 'महल'च्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव आलं नाही. ही ओळ पडद्यावर निदान चार सेकंद ठेवावी, म्हणजे ती मोठ्याने वाचून होते.